एका खाटेचा रोजचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

सरकारी मनोरुग्णालये, बौद्धिक अक्षमता असलेल्यांची निवासगृहे किंवा निराधार मनोरुग्णांसाठी चालवलेल्या संस्था यांच्या खर्चाविषयी कुठल्याही देशाच्या विधिमंडळात प्रश्न निघाला, की उत्तरादाखल बहुधा एकच आकडा पुढे ठेवला जातो : एका रहिवाशामागे दररोज अमुक इतका खर्च. वर्षाच्या एकूण खर्चाला रहिवाशांच्या संख्येने भागायचे, आलेल्या रकमेला पुन्हा ३६५ ने भागायचे, की आकडा तयार. सरकारी हिशेब तपासण्यात माझी उमेदीची वर्षे गेली असल्यामुळे या आकड्याची आणि माझी ओळख जुनी आहे, आणि ती जसजशी वाढत गेली तसतसा माझा त्याच्यावरचा विश्वास कमी होत गेला. आकडा खोटा नसतो. पण विचारणाऱ्याला जाणून घ्यायचे असते की या माणसांच्या मानसिक उपचारांवर जनतेचा किती पैसा खर्च होतो, आणि त्याला सांगितले जाते की एक इमारत चालवायला किती पैसा लागतो.

इमारत चालवायची म्हणजे मुख्यतः माणसांचे पगार द्यायचे. ज्या संस्थेत माणसे रात्रंदिवस राहतात, तिथे एका कक्षात एक परिचर सतत हजर ठेवायचा असेल, तर किती माणसे नेमावी लागतात? दिवसाच्या तीन पाळ्या धरल्या तर वर्षाच्या १,०९५ पाळ्या होतात. साप्ताहिक सुट्टी, हक्काची रजा, आजारपण आणि प्रशिक्षण वजा जाता एक माणूस वर्षाकाठी साधारण २२० पाळ्या भरतो. म्हणजे एका जागेसाठी पाच माणसे. अंदाजपत्रक कापायला बसलेल्या अधिकाऱ्याला ही पाच माणसे 'जास्तीची' दिसतात. त्यांतले एक पद रिक्त ठेवले, की उरलेल्या चौघांना जादा पाळ्या कराव्या लागतात, जादा पाळीचा भत्ता वेगळ्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे हिशेबातल्या वेगळ्या खात्यावर जातो, आणि कागदावर बचत दिसत असतानाच प्रत्यक्षात खर्च वाढलेला असतो. थकलेला परिचर आणि अस्वस्थ रहिवासी यांची गाठ रात्री दोन वाजता पडते, तेव्हा काय होते याचे लेखाशीर्ष नसते.

या सगळ्यात मानसोपचाराचा वाटा केवढा? अनेक निवासी संस्थांत मनोविकारतज्ज्ञ पूर्णवेळ नसतो. तो आठवड्यातून एकदा, ठरावीक मानधनावर येतो. समजा, तीन तासांत त्याला साठ जणांची कागदपत्रे पाहायची आहेत. तर प्रत्येकाच्या वाट्याला तीन मिनिटे येतात. तीन मिनिटांत आधीचीच औषधे पुढे चालू ठेवण्याखेरीज फारसे काही करता येत नाही, आणि तसेच होते. तरीही वर्षाच्या अहवालात 'मनोविकार सेवा उपलब्ध' या रकान्यात बरोबरची खूण असते.

औषधांबद्दल थोडे अधिक बोलायला हवे, कारण खर्चाच्या चर्चेत सर्वांत मोठा गैरसमज इथे आहे. क्लोरप्रोमाझीन, हॅलोपेरिडॉल, लिथियम ही मानसिक आजारांवरची औषधे जुनी आहेत, त्यांच्यावर आता कोणा एका कंपनीचा एकाधिकार नाही, आणि एकूण खर्चात त्यांच्या गोळ्यांचा हिस्सा नगण्य म्हणावा इतका लहान असतो. पण गोळी स्वस्त असली म्हणजे उपचार स्वस्त असतो, असे नाही. लिथियम देत असाल तर रक्तातले त्याचे प्रमाण, मूत्रपिंडाचे कार्य आणि थायरॉइड ठरावीक काळाने तपासावे लागते, कारण उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांतले अंतर फार थोडे आहे. क्लोझापीन हे इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियावरचे (भास आणि भ्रम होणाऱ्या गंभीर मनोविकारावरचे) अत्यंत उपयुक्त औषध आहे. पण क्वचित ते रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत खाली आणते, म्हणून सुरुवातीचे काही महिने दर आठवड्याला रक्त तपासण्याची पद्धत बऱ्याच देशांत रूढ झाली. म्हणजे खरा खर्च तपासणीत, नोंदीत आणि नोंद वाचणाऱ्या डॉक्टरच्या वेळात आहे. पैसे वाचवायचे ठरवले की कात्री आधी नेमकी इथेच लागते. गोळ्या चालू राहतात आणि तपासण्या थांबतात. पाच-दहा वर्षांनी त्याच रहिवाशाला मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार होतो आणि त्याचे बिल सर्वसाधारण रुग्णालयाकडे, म्हणजे दुसऱ्याच लेखाशीर्षाकडे जाते.

बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या निवासगृहांत तर गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. ज्याला बोलून सांगता येत नाही, त्याची दाढ दुखत असेल, कान ठणकत असेल किंवा आठवडाभर शौचाला झाले नसेल, तर तो डोके आपटतो, स्वतःला चावतो, अंगावर धावून येतो. त्याच्या पत्रकात 'आक्रमक वर्तन' अशी नोंद होते आणि त्याला शांत करणारे औषध सुरू होते. दाढ दुखायची थांबत नाही. दुखते हे सांगण्याची त्याची शक्ती तेवढी कमी होते. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने २०१५ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार त्या देशात अशा अक्षमता असलेले तीस ते पस्तीस हजार प्रौढ योग्य वैद्यकीय कारण नसताना रोज मानसिक आजारांवरची औषधे घेत होते. पुढच्याच वर्षी तिथे ही औषधे कमी करण्याची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. माझ्या मते त्या मोहिमेचा धडा हिशेबतपासनिसांसाठीही आहे : दंतवैद्याच्या एका भेटीचा खर्च वाचवला, की वर्षानुवर्षांच्या औषधांचा खर्च मागे लागतो, आणि तरीही दरडोई खर्चाच्या आकड्यात त्या संस्थेची कामगिरी चांगलीच दिसते.

आता त्या आकड्याच्या दुसऱ्या खोडीकडे वळू. समजा, एका संस्थेत ४०० रहिवासी आहेत आणि वर्षाचा खर्च ४०० एकक आहे; त्यातले ३०० एकक इमारत, वीज, पाणी, पहारा आणि कायम नोकरवर्ग यांचे, तर १०० एकक रहिवाशांच्या संख्येनुसार कमीजास्त होणारे. धोरण म्हणून निम्मे रहिवासी बाहेर पाठवले. खर्च निम्मा झाला का? नाही. स्थिर खर्चाचे ३०० तसेच राहिले, बदलत्या खर्चाचे १०० वरून ५० झाले, आणि एकूण खर्च ३५० झाला. दरडोई खर्च मात्र एकावरून पावणेदोनवर गेला. मग वर्तमानपत्रात मथळा येतो की सरकारी संस्था दिवसेंदिवस महाग होत चालल्या आहेत, आणि त्या मथळ्याचा आधार घेऊन उरलेलेही बाहेर काढण्याची मागणी होते. शिवाय आधी बाहेर जातात ते तुलनेने सुदृढ. मागे उरतात ते वृद्ध, एकाहून अधिक आजार असलेले, ज्यांना दोन माणसांच्या आधाराशिवाय अंघोळही करता येत नाही असे. त्यामुळे दरडोई खर्च आणखी वाढतो, आणि त्यात उधळपट्टीचा लवलेशही नसतो.

खर्च कोणी करायचा, हा वाद या संस्थांइतकाच जुना आहे. न्यूयॉर्क राज्याने १८९० मध्ये कायदा करून गरीब मनोरुग्णांची जबाबदारी जिल्ह्यांकडून स्वतःकडे घेतली. हेतू चांगला होता. पण जिल्ह्यांच्या गरीबगृहांत म्हातारपणाने स्मृती गेलेले जे वृद्ध होते, ते आता 'मनोरुग्ण' ठरू लागले, कारण तसे ठरवले की त्यांचा खर्च राज्याच्या खात्यावर पडत असे. रोगाचे निदान हिशेबाच्या वहीतून झाल्याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. १९५५ मध्ये अमेरिकेच्या राज्य व जिल्हा मनोरुग्णालयांत सुमारे ५ लाख ५९ हजार माणसे होती. १९६५ मध्ये मेडिकेड ही गरिबांच्या उपचारखर्चाची सरकारी योजना आली, तेव्हा चाके उलटी फिरली. प्रौढ वयाच्या रुग्णांसाठी मनोरुग्णालयांतल्या वास्तव्याचा खर्च केंद्राच्या निधीतून मिळणार नाही, अशी अट त्या योजनेत होती, आणि पुढे 'मनोरुग्णालय' म्हणजे सोळाहून अधिक खाटांची संस्था अशी मर्यादा ठरली. परिणाम उघड होता. हाच माणूस सर्वसाधारण शुश्रूषागृहात ठेवला तर खर्चाचा मोठा भाग केंद्र उचलत असे. म्हणून हजारो वृद्ध मनोरुग्ण शुश्रूषागृहांत गेले. तिथे मनोविकारतज्ज्ञ नव्हते. अखेर १९८७ मध्ये कायद्याने ठरवावे लागले की शुश्रूषागृहात घेण्यापूर्वी गंभीर मानसिक आजाराची तपासणी केलीच पाहिजे. दरम्यान १९६३ च्या कायद्याने वस्त्यावस्त्यांत जी मानसिक आरोग्य केंद्रे उभी राहायची होती, ती ठरल्याच्या जवळपास निम्मीच उभी राहिली.

मनोरुग्णालयांबाहेर राहिलेले बाकीचे कुठे गेले, याविषयी ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ लायोनेल पेनरोज यांचे एक निरीक्षण पुष्कळदा सांगितले जाते. त्यांनी १९३९ मध्ये युरोपातल्या अठरा देशांची आकडेवारी मांडून दाखवले की जिथे मनोरुग्णालयांत माणसे कमी, तिथे तुरुंगांत जास्त. एकामुळे दुसरे घडते का, यावर आजही वाद आहे, आणि तो रास्त आहे. पण तुरुंगाची कोठडी फुकट नसते, एवढे तर कोणत्याही खजिनदाराला कळायला हवे.

मग संस्था बंद करूच नयेत का? मी तसे म्हणत नाही, आणि पुरावाही तसे सांगत नाही. उत्तर लंडनमधील फ्रायर्न आणि क्लेबरी या दोन मोठ्या मनोरुग्णालयांतून बाहेर पडलेल्या रुग्णांचा संशोधकांनी १९८५ पासून अनेक वर्षे मागोवा घेतला, आणि त्यात पैशाचा हिशेबही काटेकोरपणे ठेवला. वस्तीत राहणाऱ्यांचा सरासरी खर्च रुग्णालयातल्यापेक्षा जास्त निघाला नाही, आणि त्या माणसांना नवे जगणे अधिक आवडले. मात्र जे आधी बाहेर पडले त्यांचा खर्च कमी होता, जे शेवटी बाहेर पडले त्यांचा बराच जास्त. पहिल्या तुकडीचा दर धरून शेवटच्या तुकडीची तरतूद केली, तर ती तुकडी रस्त्यावर येणार, हे त्यातून सरळ निघते. तिथे रुग्णालयाचा पैसा रुग्णासोबत बाहेर गेला, म्हणून ते जमले. फ्रायर्न १९९३ मध्ये बंद झाले. त्या इमारतीत पुढे श्रीमंतांची निवासस्थाने झाली.

याच्या अगदी उलट घडले ते दक्षिण आफ्रिकेत. गाउटेंग प्रांताच्या आरोग्य खात्याने लाइफ एसिडिमेनी या खासगी कंपनीशी असलेला दीर्घकालीन करार संपवला आणि २०१६ च्या पूर्वार्धात तिथल्या दीड हजारांच्या आसपास मनोरुग्णांना घाईघाईने स्वयंसेवी संस्थांकडे आणि अन्यत्र हलवले. सांगितलेल्या कारणांत काटकसर हे एक होते. कंपनीला एका रुग्णामागे रोज ३२० रँड (रँड हे तिथले चलन) दिले जात होते. स्वयंसेवी संस्थांना ११२ रँड मिळणार होते, आणि तेही अनेकांना वेळेवर मिळाले नाहीत. चौकशीत आढळले की त्या सत्तावीस संस्थांपैकी एकीकडेही वैध परवाना नव्हता. माणसे त्यांच्या उपचारांच्या कागदपत्रांविना, काही वेळा ओळखपत्राविना, मिळेल त्या वाहनाने नेली गेली. भूक, तहान, थंडी आणि औषधांचा खंड यांनी ती मरू लागली. अंतिम मोजणीत मृतांचा आकडा १४४ झाला.

निवृत्त उपमुख्य न्यायाधीश डिकगांग मोसेनेके यांनी लवाद म्हणून मार्च २०१८ मध्ये निवाडा दिला आणि दाव्यातील कुटुंबांना प्रत्येकी सुमारे १२ लाख रँड भरपाई देण्यास सांगितले. सवयीने मी भागाकार केला. ३२० उणे ११२, म्हणजे रोजची बचत २०८ रँड. बारा लाखांची बचत व्हायला एका माणसामागे ५,७६९ दिवस लागतात, म्हणजे जवळजवळ सोळा वर्षे. आणि माणसे तर बचत सुरू झाल्यावर काही महिन्यांतच मरू लागली होती. हा भागाकार मांडताना मला संकोच वाटतो, कारण भरपाईची रक्कम ही त्या माणसांची किंमत नव्हे. पण ज्यांनी ३२० आणि ११२ एवढेच पाहिले, त्यांना त्यांच्याच भाषेत सांगायचे तर दुसरा मार्ग नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीनुसार जगभरची सरकारे आपल्या आरोग्यखर्चाचा सुमारे दोन टक्के भाग मानसिक आरोग्यावर खर्च करतात, आणि मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत त्यातला मोठा वाटा अजूनही मनोरुग्णालयांवरच जातो. म्हणजे ज्या तुटपुंज्या रकमेतून बाहेरची सेवा उभी करायची, ती आधीच इमारतीत अडकलेली आहे. ती सोडवायची तर काही वर्षे दोन्हीकडे पैसा द्यावा लागतो : जुनी संस्था चालू ठेवण्यासाठी आणि नवी सेवा उभी करण्यासाठी. हा दुहेरी खर्च कोणत्याही अर्थमंत्र्याला आवडत नाही, म्हणून तो बहुतेक वेळा टाळला जातो, आणि वर सांगितलेले सगळे प्रकार त्या टाळण्यातून जन्माला येतात.

एका संस्थेची तपासणी करताना तिच्या वार्षिक विवरणपत्रात मला 'रहिवासी संख्येतील घट' नावाचा एक स्तंभ दिसला होता. बरे होऊन घरी गेलेले, दुसऱ्या संस्थेत पाठवलेले, पळून गेलेले आणि वारलेले, असे सगळे त्या एकाच स्तंभात बेरजेने मांडलेले होते, आणि शेजारच्या स्तंभात त्या घटीमुळे झालेली बचत दाखवली होती. त्या स्तंभाचे चार भाग करावेत, अशी शिफारस मी अहवालात केली. दीड महिन्याने उत्तर आले. त्यात लिहिले होते की सदर माहितीचा खर्चाच्या विवरणपत्राशी संबंध नाही.