उपास नसलेला योम किप्पूर

(एलुल महिन्याच्या सुरुवातीला इस्रायलमध्ये झालेल्या बेने इस्रायल (कोकणातून आलेल्या मराठी ज्यूंच्या) मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, थोडे संपादित करून)

नमस्कार मंडळी, शालोम.

एलुल लागला. आपल्यातले बरेच जण आता पहाटे अंधारात उठून सलीहोतसाठी, म्हणजे क्षमा मागण्याच्या प्रार्थनांसाठी, सिनेगॉगला जाऊ लागतील. भारतातून इथे कामाला आणि शिकायला आलेली मुलंही आज समोर बसली आहेत, म्हणून थोडं सांगते. एलुल हा आमच्या वर्षाचा शेवटचा महिना. मग रोश हाशाना, म्हणजे नवं वर्ष, आणि त्याच्या पहिल्या, तिश्री महिन्याच्या १० तारखेला योम किप्पूर, म्हणजे उपासाचा आणि प्रायश्चित्ताचा दिवस. एवढ्या दिवसांत माणसाने स्वतःला तपासायचं, कोणाला दुखावलं असेल तर त्याच्या दारी जायचं. कोकणातल्या आपल्या जुन्या माणसांनी याच दिवसांना नव्याचा सण आणि दरफाळणीचा सण म्हटलं. एलुलमधल्या उपासांना तर ते रमजान म्हणत.

मी अलिबागची, इस्रायल आळीतली. दरफाळणीच्या आदल्या संध्याकाळी घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी, दिवस मावळायच्या आत जेवणं, मग पांढरे कपडे आणि मागेन अबोथ सिनेगॉग. आजी पांढरं लुगडं नेसून दिवसभर तिथे बसे. पूर्वी त्या दिवशी घरांची दारं लावून घेत, असं ती सांगायची. बाराव्या वर्षापासून मीही पूर्ण उपास धरला. इथे आल्यावर हॉस्पिटलात नर्स म्हणून उभ्याने ड्यूटी केली तेव्हाही धरला. बाहेर रस्ते मोकळे, मुलं सायकली घेऊन हायवेवर, आणि आत आम्ही पाण्याच्या थेंबाशिवाय कामावर. मला त्याचा अभिमान होता, अजून आहे.

नंतर थोड्या काळात बरंच बदललं. नोकरी संपली. यजमान वारले. डिमोनाचं घर सोडून मी अश्दोदला मुलाजवळ राहायला आले. आणि मधुमेह इतका वाढला की इन्सुलिन सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, यंदापासून उपास नाही. रब्बींना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना विचारलं, तर त्यांनी आणखी ठामपणे सांगितलं की तुम्हाला खायलाच हवं. बाकीचं सगळं मी सोसलं होतं, पण त्या दिवशी घरी येऊन रडले. उपास गेला तर माझ्याकडे योम किप्पूरचं राहिलं काय?

मग मी मिश्ना या आमच्या जुन्या धर्मनियमांच्या ग्रंथातला योमा हा भाग काढून बसले. त्याच्या आठव्या अध्यायात उपासाचे नियम आहेत. एका मोठ्या खजुराएवढं खाल्लं, तोंडभर पाणी प्यायलं, की उपास मोडला. म्हणूनच आजाऱ्याला सहसा त्याहून कमी घास देतात आणि मध्ये काही मिनिटं थांबवतात. पण तिथेच असंही लिहिलंय की आजाऱ्याला जाणत्यांच्या सांगण्यावरून खाऊ घालावं, आणि जाणता कोणी नसेल तर त्याच्या स्वतःच्या शब्दावर, तो ‘पुरे’ म्हणेपर्यंत. किती माया आहे या नियमात! आयुष्यभर रुग्णांची सेवा करूनही मी तो कधी मनावर घेतला नव्हता.

थोडं पुढे, त्याच अध्यायाच्या शेवटी, दुसरी गोष्ट आहे. माणूस आणि देव यांच्यातल्या अपराधांचं प्रायश्चित्त योम किप्पूर करतो. माणसामाणसांतल्या अपराधांचं करत नाही, जोवर समोरच्याचं मन वळवलेलं नाही तोवर. उपासाच्या अध्यायातच हे यावं याचा मला फार आधार वाटला. ज्याला उपास झेपत नाही त्याच्यासाठीही काम शिल्लक आहे, आणि ते जास्त अवघड आहे.

त्याच वर्षी नव्याच्या सणानंतर माझी धाकटी जाऊ घरी आली. सासूबाईंच्या शेवटच्या आजारात ती मला चारचौघांत फार लागेल असं बोलली होती. त्यानंतर आमचं लग्नकार्यापुरतं बोलणं. ती बसली आणि तेव्हा काय बोलली होती ते शब्दाला शब्द तिने पुन्हा उच्चारलं. म्हणाली, “वहिनी, हे मी बोलले. मला माफ करा.” मला लगेच ‘जाऊ दे गं’ म्हणता आलं नाही. त्या शब्दांनी माझ्या किती रात्री घेतल्या ते मी तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मध्ये बोलली नाही. मग मी माफ केलं, आणि आम्ही हातबोशी घेतली, म्हणजे हात हातात घेऊन मग आपापली बोटं ओठांना लावली. मायमोनिडीस हा मध्ययुगातला मोठा ज्यू धर्मपंडित लिहितो की माफी मागायला आलेल्याशी कठोर होऊ नये. ते खरंच, पण ऐकून घ्यायला एक बाई समोर बसली होती म्हणून मला ते जमलं.

म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर येणारं ते ‘कळत नकळत दुखावलं असल्यास क्षमस्व’ मला पटत नाही. शंभर जणांना एकदम पाठवलेल्या त्या ओळीत कोणाचंच दुखणं नसतं. फोन करा. मुंबईला करा, ठाण्याला करा, पनवेलला करा.

आणि ज्यांच्याकडे जायचं ते हयातच नसतील तर? मायमोनिडीसने त्याचीही वाट सांगितली आहे: दहा माणसं घेऊन कबरीपाशी जावं आणि अपराध बोलून दाखवावा. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या माणसांच्या कबरी कोकणात आहेत. अलिबागला, रेवदंड्याला कोणी जाणार असेल, तर मंडळाने दहा जणांची सोय करायला मदत करावी, अशी माझी समितीला विनंती आहे.

शेवटी, नर्स म्हणून. ज्यांना साखरेच्या, रक्तदाबाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन आहे, त्यांनी याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या, मग रब्बींना विचारा. आदल्या दिवशी विचारून डोस बसवता येत नाही. ज्यांना ‘उपास नको’ असं सांगितलंय आणि ते घरात कोणाला सांगवत नाहीये, त्यांनी जेवण झाल्यावर माझ्याकडे या. मी चहाच्या टेबलाजवळच बसलेली असेन.