सहांतली तुझी कोणती?

(स्वीडनमधल्या मराठी मंडळींच्या मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं संपादित करून)

मंडळी, नमस्कार. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या बोलण्याचं नाव ‘एक चांगली शिकारी रायफल कशी निवडावी’ असं छापलंय. ते मी सांगणार आहेच. पण आधी माझ्या कपाटातल्या सहा रायफली गेल्या कशा ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं दुकानातल्या माहितीपत्रकासारखं वाटेल.

तुमच्यातल्या काहींनी इथली शिकारीची परीक्षा दिली आहे. बाकीच्यांची या विषयाशी ओळख फ्रीजरमार्फत आहे. गणपतीनंतर आमच्याकडे मूसचं, म्हणजे इथल्या सगळ्यांत मोठ्या हरणाचं, सुकं मटण खाल्लेले इथे किती जण आहेत? हात वर करा. बघा, अर्धी सभा! तेव्हा आजचा विषय अगदीच परका नाही.

मी परवाने घ्यायला लागलो तेव्हा इथल्या शिकाऱ्याला सहा बंदुकांपर्यंत फारशी अडचण येत नसे. त्यापुढे खास कारण दाखवावं लागे. याला इथे ‘वापेनगार्डरोब’ म्हणतात, म्हणजे बंदुकांचं कपडेकपाट. शब्दातच सगळं आलं. कपाटात सहा खण असले की माणूस सहाही भरतो. माझी पहिली म्हणजे लष्करातून निवृत्त झालेली, नळी कापून शिकारीसाठी बेतलेली जुनी स्वीडिश माउझर. मग मूससाठी हुस्कवार्ना या स्वीडिश कंपनीची 9.3 बाय 62 (हे आकडे काडतुसाच्या मापाचे). मग पावसासाठी काळ्या प्लास्टिकच्या दस्त्याची .308. रो जातीच्या लहान हरणासाठी .222. कचेरीतला एक जण देश सोडून चालला होता, त्याची 30-06 स्वस्तात मिळाली म्हणून घेतली. आणि सहावी जर्मन, तिला सेफ्टीच नाही. अंगठ्याने एक खटका पुढे रेटून स्प्रिंग ताणायची, मगच ती उडायला तयार.

प्रत्येकीला कारण होतं आणि प्रत्येक कारण मला तेव्हा पटलेलं होतं. घरच्यांनी विचारलं की मी म्हणायचो, स्वयंपाकघरात आपण एकच पातेलं ठेवतो का?

खरं तर मला हे कळायला हवं होतं, कारण माझे आजोबा. रत्नागिरी जिल्ह्यातलं आमचं गाव. नाचणी आणि वरीच्या शेतात रानडुकरं उतरायची, म्हणून शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची एक बंदूक घरात होती. गजाने दारू ठासायची, वर चिंधी, छर्रे, पुन्हा चिंधी, टोपी बसवायची. एकच बार. चुकला तर दुसरा भरेपर्यंत डुक्कर शेजारच्या वाडीत पोचलेलं असायचं. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागे, आणि ते दोन महिने आजोबा घरातला माणूस परगावी गेल्यासारखे असायचे. अंधारात, चिमणी न लावता ती भरताना मी त्यांना पाहिलंय. हात कुठे जायचा हे हातालाच ठाऊक होतं. मी मात्र ते सगळं गरिबीच्या खात्यात टाकून मोकळा झालो होतो. परवडलं असतं तर त्यांनीही चार घेतल्या असत्या, असं मला वाटायचं.

आता त्या दिवसाची गोष्ट. ती सांगताना अजूनही मला बरं वाटत नाही, पण सांगतो.

ऑक्टोबरचा दुसरा सोमवार, आमच्याकडचा मूसचा हंगाम सुरू झाला. हंगामाआधी सगळ्या रायफली मैदानावर नेऊन नेम तपासायचा, हा साधा नियम. मला एकच संध्याकाळ मिळाली होती. चार तपासल्या, अंधार पडला, दोन राहिल्या. त्या दोनांतली एक .308. तिची दुर्बीण उन्हाळ्यात एका दुकानातून नवी बसवून आणलेली. दुकानदाराने सांगितलं होतं, बसवून, नेम लावून दिलीय. मी विश्वास ठेवला.

मंगळवारी पहाटेपासून पाऊस. पाऊस म्हणजे प्लास्टिकच्या दस्त्याची, असा माझा हिशेब, म्हणून तीच उचलली. मचाणावर बसलो. रेडिओवर कुत्रेवाल्याचा आवाज: गाय आणि वासरू, तुझ्या दिशेने. मूसच्या मादीला आणि पिल्लाला इथे असंच म्हणतात. मचाणाखालच्या कापलेल्या रानात दोघं आली, सत्तर-एक मीटरवर. नियम तुम्हाला ठाऊक आहे, आधी वासरू, गाय नंतर. वासराशिवाय गाय जगते, गाईशिवाय वासरू हिवाळा काढत नाही. वासरू आडवं उभं राहिलं. मी नेम धरला आणि अंगठा गेला बोल्टच्या, म्हणजे काडतूस आत सारणाऱ्या दांड्याच्या, मागच्या टोकाला, जिथे माझ्या जुन्या माउझरचा पंखासारखा सेफ्टीचा खटका असतो. तिथे काहीच नव्हतं. या रायफलीचा खटका बोल्टच्या उजव्या बाजूला, पुढे सरकवायचा. तो सापडेपर्यंत दोन-तीन सेकंद गेले, वासरू चालायला लागलं होतं, आणि मी घाईने चाप ओढला.

गोळी मागे लागली. खांद्यामागे फुप्फुसात लागायची ती पोटात. वासरू पाठ वाकवून उभं राहिलं, आणि मग आईच्या मागोमाग दाट झाडीत गेलं.

इथल्या नियमाप्रमाणे मूसच्या शिकारीत जखमी जनावराचा माग काढणारं शिकवलेलं कुत्रं दोन तासांत जागेवर पोचलं पाहिजे. ते पोचलं. पण पोटात गोळी लागलेल्या जनावराच्या मागे लगेच धावायचं नसतं, ते आणखी दूर पळतं. म्हणून आम्ही पावसात थांबलो. मग दीड किलोमीटर माग. रक्त जवळजवळ नाही, होतं ते पावसाने धुतलेलं. कुत्री नाक जमिनीला लावून चाललेली, तिच्या लांब पट्ट्यामागे तिचा मालक, त्याच्या मागे मी. दलदलीच्या कडेला एका पडलेल्या स्प्रूसच्या मुळांशी वासरू बसलं होतं, मान वर. गोळी लागून चार तास झाले होते. कुत्र्याच्या मालकाने ते संपवलं. मला त्याने गोळी झाडायला सांगितलं नाही, आणि मीही पुढे झालो नाही.

नंतर मैदानावर पाहिलं, दुर्बिणीच्या मागच्या कड्याचे दोन स्क्रू बोटाने फिरत होते. दुकानाची चूक होतीच. पण ते स्क्रू माझ्या रायफलीवर आठ आठवडे सैल होते, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

संध्याकाळी मटणाचे वाटे पडले. आमच्या जथ्याचे प्रमुख ऐंशीच्या घरातले, कमी बोलणारे. दिवसभर मला एक शब्द बोलले नव्हते. चाकू पुसता पुसता त्यांनी विचारलं, “तुझ्याकडे रायफली किती?”

म्हटलं, “सहा.”

“त्या सहांतली तुझी कोणती?”

मला उत्तर देता आलं नाही, मंडळी.

त्यांची रायफल मग मी पहिल्यांदा नीट पाहिली. हुस्कवार्ना, पन्नाशीच्या दशकातली, वडिलांकडून आलेली, 6.5 बाय 55. बोल्टच्या मुठीवरचा निळा-काळा मुलामा पार गेलेला, मूठ चांदीसारखी पांढरी. दस्त्याच्या अक्रोडावर गाल टेकतो तिथे तळहाताएवढा काळपट डाग, घामाचा आणि तेलाचा. पट्ट्याची कडी एकदा तुटून गावच्या लोहाराने जोडलेली. ते दुसरी कुठलीच वापरत नाहीत. हरणाला तीच, डुकराला तीच, मूसला तीच.

इथे थोडं आडवळण घेतो, कारण अनेक रायफलींच्या या हौसेचा एक धागा आपल्या देशातून जातो. 1907 साली ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात .450 व्यासाच्या रायफलींवर बंदी घातली. लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री त्याच व्यासाच्या, आणि काडतुसं बंडखोरांच्या हाती लागतील ही भीती. मग लंडन-बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी काय केलं? .465, .470, .475 अशी नवी मापं काढली. जनावर तेच, काम तेच. संस्थानिकांनी ती सगळी विकत घेतली. आपल्या राजवाड्यांतल्या भिंतींवर ज्या रांगा दिसतात त्यांतल्या कितीतरी त्या काळच्या.

आणि त्याच 1907 साली कुमाऊंमध्ये जिम कॉर्बेटने चंपावतची नरभक्षक वाघीण मारली, म्हणून त्याला रिग्बी कंपनीची .275 भेट मिळाली. .275 हे इंग्रजांचं नाव. काडतूस जर्मन माउझरचं, 7 बाय 57. त्या हलक्या रायफलीने त्याने पुढे किती वर्षं काम केलं! मोठ्या जनावरासाठी त्याच्याकडे दुनळी .450/400 पण होती, हे लपवत नाही. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबली ते योग्यच झालं, त्याशिवाय आज वाघ दिसला नसता. इथे मूस ठरवून दिलेल्या संख्येनेच मारावे लागतात, नाहीतर पाइनची रोपं उरत नाहीत आणि रस्त्यावर मोटारींना धडका बसतात. म्हणूनच मारणाऱ्याने ते नीट करावं, ही माझी तळमळ आहे.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं उरलीत म्हणे. मग आता भराभर मूळ विषय.

पहिलं, रायफल अंगाला बसते की नाही. ही छत्री द्या जरा. डोळे मिटा, छत्री उचलून खांद्याला लावा, गाल टेका, मगच डोळे उघडा. दुर्बिणीतून पूर्ण गोल चित्र दिसलं तर दस्ता तुमचा. काळी कड दिसली, मान लांबवावी लागली, तर ती दुसऱ्या कुणाची. दुकानात हे वीसदा करा, लाज वाटू देऊ नका. किंमत त्यानंतर विचारा.

दुसरं, काडतूस. इथला कायदा मूससाठी सांगतो: गोळी 9 ग्रॅमची असेल तर 100 मीटरवर किमान 2700 ज्यूल, 10 ग्रॅम किंवा जास्त असेल तर किमान 2000 ज्यूल. या एका अटीत बसलं की सगळ्या जनावरांना चालतं. 9.3 बाय 62 आरामात बसते, पण तिचा धक्का खाऊन मी दिवसाला पंधराच बार सराव करायचो, आणि सोळाव्याला आपोआप डोळा मिटायचा. मी निवडली 6.5 बाय 55. स्वीडन आणि नॉर्वे एका राजाखाली होते तेव्हा दोघांनी मिळून ठरवलेलं हे काडतूस, 1894 पासून वापरात. गोळी बारीक पण लांब, 10.1 ग्रॅम, म्हणून खोल जाते. लांब गोळी हवेत डगमगू नये म्हणून नळीतले आटे घट्ट, दर 200 मिलिमीटरला एक पूर्ण वेढा. वेग बेताचा, त्यामुळे लहान हरणाचं मटणही फार फाटत नाही. आणि धक्का इतका सौम्य, की मी साठ बार करून घरी येतो.

कुणी म्हणेल, हरणाला हलकी गोळी, मूसला जड. नको. गोळी बदलली की नेम बदलतो. माझी एकच गोळी, एकाच कंपनीची, पेटीवरचा खेपेचा क्रमांक सुद्धा एकच, वर्षाची सगळी एकदम आणतो.

तिसरं, चाप. काचेची काडी मोडावी तसा सुटला पाहिजे, आधी सरकणं नाही, खरखर नाही. चांगल्या रायफलीचे जास्तीचे पैसे जातात ते बरेचसे इथे आणि नळीत. पावसाची काळजी असेल तर प्लास्टिकचा दस्ता घ्या, माझी काही हरकत नाही. मी अक्रोड घेतला आणि रोज संध्याकाळी पुसतो.

चौथं, दुर्बीण. रायफलीइतकेच पैसे तिच्यावर घाला, संधिप्रकाशात त्यांचं मोल कळतं. आणि कड्यांचे स्क्रू स्वतः, टॉर्क मोजणाऱ्या पान्याने आवळा. आवळल्यावर नेलपॉलिशचा एक ठिपका द्या, स्क्रू हलला तर ठिपका फाटतो. आमच्या घरातली लाल बाटली त्यातच संपली.

सहाही विकल्या. एक-एक करून गेल्या, दोन हिवाळे लागले, जर्मन सगळ्यांत शेवटी. त्या पैशांतून फिनलंडची एक साको आणि ऑस्ट्रियाची एक दुर्बीण आली. सेफ्टी बोल्टशेजारी उजवीकडे, पुढे सरकवायची. पहिला महिनाभर दिवाणखान्यात, रिकामी, रोज शंभर वेळा उचलली. अंगठा तिथे जातो, आता विचारावं लागत नाही.

या वर्षी पहिल्या दिवशी प्रमुख माझ्या मचाणाशी आले. रायफल हातात घेतली, बोल्टची मूठ उजेडात धरून पाहिली, म्हणाले, “अजून काळीच आहे,” आणि परत दिली.

शनिवारी नऊपासून मी मैदानावर आहे. ज्यांना खांद्याला लावून बघायची आहे त्यांनी या, कानाला लावायचं मी आणतो. आणि ही छत्री कुणाची आहे?