जुने चेहरे आणले की जुनी मालिका परत येते का? 'हार्टब्रेक हाय'ची गोष्ट

नमस्कार! मागून ट्रॅमची घंटा ऐकू आली तर चालवून घ्या, मेलबर्नमध्ये राहते, इलाज नाही.

मागे मी 'हार्टब्रेक हाय' या ऑस्ट्रेलियन मालिकेवर एक शॉर्ट टाकला होता. तेव्हापासून कॉमेंट्समध्ये एकच धोशा: ताई, जुनी बघू की नवी? नवीत जुने लोक का नाहीत? एका काकांनी तर थेट फर्मानच काढलं, "हे सोडा, आभाळमाया परत आणा. पण कलाकार तेच हवेत." काका, मी आयटीत नोकरी करते हो, माझ्या हातात काय आहे! पण तुमच्या त्या 'पण'वरच आजचा व्हिडिओ आहे.

आधी माहिती उरकते. 'द हार्टब्रेक किड' नावाचा 1993चा सिनेमा, त्यावरून 1994 साली नेटवर्क टेन या इथल्या वाहिनीवर मालिका आली. सिडनीतलं हार्टली हाय नावाचं काल्पनिक हायस्कूल, तिथली पोरं आणि त्यांच्या भानगडी. पुढे मालिका एबीसीकडे, म्हणजे इथल्या सरकारी वाहिनीकडे गेली आणि 1999ला संपली. 210 भाग. 2022मध्ये नेटफ्लिक्सनं ती नव्यानं केली, हॅना कॅरल चॅपमन हिनं. झालं.

आता मुद्दा. जुनी मालिका परत करायची म्हणजे नेमकं काय परत करायचं? सगळे इथेच घसरतात. जुन्या मालिकेतला ड्रॅझिक नावाचा पोरगा परत आणा, त्याचं ते 'रॅक ऑफ' परत आणा, म्हणजे आपल्याकडे 'चल, फूट' म्हणतात तसं. अहो, ड्रॅझिक आता पन्नाशीचा बाप्या असेल. त्याला बाकावर बसवून काय करणार?

माझ्या ऑफिसात ग्रीक घरातली एक बाई आहे, ही मालिका आली तेव्हा ती शाळेत होती. एकदा डबा खाताना विषय निघाला. म्हणाली, "टीव्हीवर सगळे सोनेरी केसांचे. गल्ली स्वच्छ, आई शांत. आमच्या घरी आई कधी शांत नसायची. हार्टब्रेक हायमधली पोरं घरच्यांशी भांडायची ना, तेव्हा मला वाटलं, अरे, हे तर आमचंच घर!" तिला ड्रॅझिक आठवला नाही, बरं का. तिला भांडण आठवलं. ग्रीक, इटालियन, व्हिएतनामी, लेबनीज घरांतली पोरं एका वर्गात, आणि त्यांच्यावर मालिका चालते, हे त्या वेळच्या ऑस्ट्रेलियन टीव्हीवर नवलाचं होतं.

म्हणजे परत काय आणायचं? ते नवल. आजच्या शाळेत कोण आहे जो टीव्हीवर नाही, हा प्रश्न. नव्या मालिकेत अमेरी या नायिकेचं काम करणारी आयेशा मेडन भारतीय वंशाची आहे. मलाकाय मूळनिवासी मुलगा आहे आणि पोलिसांशी त्याची गाठ पडते तो भाग बघवत नाही. क्विनी ऑटिस्टिक, म्हणजे स्वमग्न आहे, तिचं काम करणारी क्लोई हेडन स्वतः ऑटिस्टिक आहे, आणि ते पात्र घडवण्यातही तिचा हात होता. 'हे सगळं मुद्दाम घुसडलंय' असं लिहिणारे बरेच आहेत. दादा, 1994ला ग्रीक पोरगा हीरो केला तोही मुद्दामच होता!

हेच उलट्या बाजूनं बघा. 'सीचेंज'. 1998 ते 2000, एबीसीवर. शहरातली वकीलबाई सगळं सोडून पर्ल बे नावाच्या समुद्रकाठच्या गावात मॅजिस्ट्रेट होऊन जाते. इतकी चालली, की शहर सोडून किनाऱ्याला राहायला जाणं याला इथे आजही 'सीचेंज' म्हणतात. (जाता जाता, त्यातला बॉब जेली करणाऱ्या नटाचं नाव जॉन हॉवर्ड, आणि तेव्हाच्या पंतप्रधानांचंही जॉन हॉवर्ड. इथल्या लोकांनी त्यावर किती विनोद केले असतील!) 2019ला चॅनल नाइननं ती परत आणली. वकीलबाई करणारी सिग्रिड थॉर्नटन तीच, बॉब जेली तोच. काकांना हवं होतं अगदी तसं. एका सीझनमध्ये आटोपलं. मी अख्खी बघितली, जुन्याची आठवण काढत बघितली, आणि तीच तर अडचण होती. त्या बाईला 1998मध्ये पळून जायचं होतं. 2019मध्ये ती नुसती परत आली होती.

अजून पटत नसेल तर 'प्रिझनर' घ्या. बायकांचा तुरुंग, 1979 ते 1986, 692 भाग! तिची 2013ला 'वेंटवर्थ' झाली. बी स्मिथ हे पात्र ठेवलं, नटी नवी. आणि गंमत बघा, जुनीत बी तुरुंगाची दादा असते, नवीत ती पहिल्याच दिवशी भेदरलेली आत येते. ती दादा होते कशी, हे बघायला मिळतं. जुन्या प्रेक्षकाला शेवट माहीत आहे आणि तरी तो हलत नाही. 100 भाग चालली.

'नेबर्स' या इथल्या जुन्या मालिकेबद्दल विचारणाऱ्यांना: तो प्रकारच वेगळा. 2022च्या जुलैत निरोपाचा भाग झाला, 2023च्या सप्टेंबरात अ‍ॅमेझॉनच्या जोरावर तीच मालिका पुढे सुरू, आणि 2025च्या डिसेंबरात पुन्हा बंद. याला नवं करणं नाही म्हणत, याला ऑक्सिजन लावणं म्हणतात. माझं मत. खाली शिव्या घाला.

तर काका, आभाळमाया करायचीच तर आधी सांगा, तेव्हा ती बघताना तुमच्या घरात कोण गप्प व्हायचं? आज ते माणूस काय करतं? ते लिहा, मग कलाकारांचं बघू.

आणि नवी हार्टब्रेक हाय बघायला घेणाऱ्यांना एकच विनंती, घरच्यांसोबत लावू नका. पहिल्याच भागात शाळेच्या भिंतीवर एक नकाशा सापडतो, कोणाचं कोणाशी काय झालं त्याचा, सगळ्या तपशिलांसकट. मी तो भाग आईसोबत लावला होता, ती नाशिकहून आली होती तेव्हा. ती चष्मा पुसत म्हणाली, "हा कसला गं नकाशा, बसचा का?" मी हो म्हणाले.