रेव्हनकॉइन: नाव, संख्या आणि मालकी

समजा, एका हौशी नाट्यसंस्थेला वर्षभराच्या 300 प्रवेशिका काढायच्या आहेत. कागदावर छापल्या तर झेरॉक्स निघते. ॲपवर काढल्या तर ॲपवाल्याचं दुकान बंद होईपर्यंतच त्या चालतात. तिसरा मार्ग म्हणजे जिचा एकच असा मालक नाही अशा सार्वजनिक वहीत नोंद करायची: अमुक नावाच्या 300 वस्तू आहेत आणि आज त्या या या पत्त्यांवर, म्हणजे खात्यांवर, आहेत. रेव्हनकॉइन ही वही आहे. तिच्या नाण्याच्या भावाची चर्चा फार होते, पण आज नाण्याकडे रजिस्ट्रीसाठी लागणाऱ्या स्टॅम्पासारखं पाहायचं आहे.

हे नाणं 3 जानेवारी 2018 ला सुरू झालं. बिटकॉइनचा पहिला ब्लॉक, म्हणजे वहीचं पहिलं पान, 2009 मध्ये याच तारखेला निघाला होता आणि रेव्हनकॉइनचा कोडही बिटकॉइनचाच घेतलेला, थोडा बदललेला. बिटकॉइनचा ब्लॉक साधारण 10 मिनिटांनी येतो, इथे एका मिनिटाने. बिटकॉइनची कमाल संख्या 2.1 कोटी, इथे 2100 कोटी. ब्रूस फेंटन आणि ट्रॉन ब्लॅक ही यामागची ठळक नावं, पण त्यांनी स्वतःसाठी आधी नाणी काढून ठेवली नाहीत, लोकांकडून आगाऊ पैसे घेऊन ती विकलीही नाहीत. ज्याला हवी त्याने पहिल्या दिवसापासून खणावीत, म्हणजे वहीची पानं भरण्याचं गणित संगणकाकडून करून घेऊन बक्षीस म्हणून मिळवावीत, किंवा बाजारातून घ्यावीत. या क्षेत्रात हे इतकं दुर्मिळ आहे की मुद्दाम सांगावं लागतं.

आता प्रवेशिका काढू. बिटकॉइनला फक्त नाणी समजतात. रेव्हनकॉइनला नोव्हेंबर 2018 पासून 'ॲसेट', म्हणजे नाव दिलेली वस्तू, हीही गोष्ट समजते. रेव्हनकॉइन कोअर हे वॉलेट, म्हणजे नाणी आणि ॲसेट सांभाळणारा प्रोग्राम, उघडलंत की ॲसेट तयार करण्याचं पान दिसतं आणि ते पाच गोष्टी विचारतं.

पहिली गोष्ट नाव. ते किमान 3 अक्षरी हवं, कमाल 30, आणि फक्त रोमन कॅपिटल अक्षरं, आकडे, टिंब आणि अधोरेखा यांतून बनलेलं. देवनागरी चालत नाही, म्हणजे 'रंगमंच' रोमनमध्येच लिहावं लागेल. टिंब किंवा अधोरेखा सुरुवातीला, शेवटी किंवा लागोपाठ आली की नाव नाकारलं जातं. एक नाव जगात एकदाच मिळतं, आधी येईल त्याला. ते घेणारा खरोखर त्या नावाचा आहे का, हे कोणी तपासत नाही. मोठ्या कंपनीच्या नावाचा ॲसेट दिसला तर तो त्या कंपनीचाच आहे असं धरून चालू नका.

दुसरी गोष्ट संख्या. तिसरी, दशांश स्थळं, 0 ते 8. इथे हमखास घोळ होतो. प्रवेशिकेसाठी 0 च हवं. 8 ठेवलंत तर कोणीही अर्धी प्रवेशिका मित्राला पाठवू शकेल आणि दारावर वाद होईल. ही स्थळं नंतर वाढवता येतात, कमी करता येत नाहीत.

चौथी गोष्ट, पुढे संख्या वाढवण्याची मुभा. 'नाही' म्हटलंत की ते कायमचं. 'हो' म्हटलंत तर दर खेपेला 100 नाणी भरून वाढवता येते, पण मग तुमच्या 300 या आकड्यावर प्रेक्षकाने विश्वास ठेवायचा की नाही हा प्रश्न उरतोच. पाचवी गोष्ट ऐच्छिक: आयपीएफएस नावाच्या, अनेक संगणकांवर पसरलेल्या साठवणीतल्या फाइलचा हॅश, म्हणजे गणिताने काढलेला ठसा. चित्र किंवा नियमावली वहीत जात नाही, तिचा ठसा तेवढा जातो. फाइल कोणीतरी आपल्या यंत्रावर धरून ठेवली नाही, म्हणजे 'पिन' केली नाही, तर काही महिन्यांनी ठसा उरतो आणि चित्र गायब होतं. बहुतेकांना हे उशिरा कळतं.

बटण दाबलं की 500 नाणी जातात. कुठे? ज्याची किल्ली कोणाकडेच नाही अशा एका पत्त्यावर. ती जळाली असंच समजा. फी कोणा कंपनीच्या खिशात जात नाही, आणि म्हणूनच चुकलं तर परतावा मागायला कोणी समोर नसतं. मुख्य नावाखाली उपनाव काढायला 100 नाणी आणि एकमेवाद्वितीय वस्तूला प्रत्येकी 5. म्हणजे 300 एकसारख्या प्रवेशिका 500 मध्ये होतात. प्रत्येक खुर्चीला क्रमांक हवा असेल तर 500 अधिक 1500, एकूण 2000. आधी कागदावर हा हिशेब करा.

व्यवहार झाला की वॉलेटमध्ये तुम्ही न मागितलेली आणखी एक वस्तू दिसते: तेच नाव, शेवटी उद्गारचिन्ह. हे मालकीचं टोकन. संख्या वाढवणं, उपनावं काढणं, खुर्च्यांचे क्रमांक काढणं हे सगळे अधिकार त्यात असतात, आणि ते एकच असतं. नवखे लोक प्रवेशिका पाठवताना यादीतली चुकीची ओळ निवडतात आणि हेच टोकन देऊन बसतात. संस्थेची सहीशिक्क्याची पेटी प्रेक्षकाच्या हातात दिल्यासारखं आहे ते. म्हणून ॲसेट निघताच ते टोकन वेगळ्या वॉलेटमध्ये हलवायचं आणि ते वॉलेट पुन्हा मिळवून देणारे 12 शब्द कागदावर लिहून ठेवायचे. मोबाइलमध्ये फोटो काढून नव्हे.

आणखी दोन खड्डे. ॲसेट पाठवायलाही थोडी नाणी शुल्क म्हणून लागतात. प्रेक्षकाच्या पत्त्यावर प्रवेशिका आहे पण नाणं शून्य, तर ती पुढे सरकत नाही. म्हणून सोबत एखादं नाणंही द्या. आणि एक्स्चेंजच्या, म्हणजे नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या बाजाराच्या, पत्त्यावर ॲसेट कधीही पाठवू नका. तो पत्ताही 'आर' अक्षरानेच सुरू होतो, व्यवहार बिनबोभाट पार पडतो, पण बहुतेक एक्स्चेंजना फक्त नाणी दिसतात. प्रवेशिका तिथे अडकते.

ही 500 नाणी घरच्या संगणकावर खणू का, असं विचारणारे पुष्कळ आहेत. मोजून पाहू. सुरुवातीला दर ब्लॉकला 5000 नाणी मिळत. 21 लाख ब्लॉकनंतर, जानेवारी 2022 मध्ये, ती 2500 झाली. 42 लाखाव्या ब्लॉकपासून 1250. दिवसाचे 1440 ब्लॉक, म्हणजे जगभर मिळून रोज 18 लाख नाणी. समजा तुमचं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला 20 मेगाहॅश, म्हणजे गणिताचे 2 कोटी प्रयत्न, करतं आणि सगळं जाळं 5 टेराहॅश, म्हणजे 5 लाख कोटी. तुमचा वाटा 2,50,000 त एक, म्हणजे रोज 7.2 नाणी. 500 जमायला सुमारे 70 दिवस. कार्ड 120 वॅट खात असेल तर त्या काळात 200 युनिट वीज जळते, 10 रुपये दराने 2000 रुपये. नाण्याचा भाव रुपयाच्या आसपास धरला तर तीच नाणी बाजारात 500 रुपयांना येतात. जाळ्याचा वेग आणि भाव रोज बदलतात, तेव्हा त्या दिवशीचे आकडे घालून हे गणित करा. शिकण्यासाठी खणा, नफ्यासाठी खणणार असाल तर आधी वीजबिल समोर ठेवा.

खणायचंच असेल तर कार्डाची मेमरी पाहा. सध्याच्या पद्धतीचं नाव कॉपॉ, कावळ्याच्या 'काव'वरून आलेलं. रेव्हन म्हणजे आपला डोमकावळाच. कॉपॉत कार्डाला एक मोठं कोष्टक मेमरीत ठेवावं लागतं. त्याचा हिशेब पहिल्या ब्लॉकला 1 जीबी धरून होतो आणि ते दर 7500 ब्लॉकला, म्हणजे पाचेक दिवसांनी, 8 एमबीने वाढतं. 42 लाखाव्या ब्लॉकला ते 5.4 जीबीच्या जवळ पोचतं. म्हणजे 4 जीबीची कार्डं बाद झालीच, 6 जीबीची काठावर आहेत. जुनी कार्डं स्वस्तात विकायला निघतात ती अनेकदा याच कारणाने.

आधीची पद्धत का बदलावी लागली? पहिल्या पद्धतीत 16 प्रकारच्या हॅश-गणितांची फेरपालट होत असे. हेतू असा की खास खाणयंत्रं बनू नयेत आणि घरगुती कार्डवाल्यालाही जागा राहावी. यंत्रं तरीही बनली. म्हणून ऑक्टोबर 2019 मध्ये एक दुरुस्ती झाली आणि 6 मे 2020 ला कॉपॉ आली. हे कोणा अध्यक्षाने ठरवलं नाही. नवा कोड प्रसिद्ध झाला, खाणकाम करणाऱ्यांनी आणि नोड, म्हणजे वहीची प्रत ठेवणारे संगणक, चालवणाऱ्यांनी तो बसवला. बसवला नसता तर बदल झालाच नसता.

लोकांनी चालवण्याची दुसरी बाजू त्याच उन्हाळ्यानंतर दिसली. बाहेरून आलेल्या एका कोडच्या तुकड्यात ॲसेटच्या तपासणीत भोक राहिलं होतं. तपासणाऱ्यांच्या नजरेतून ते सुटलं, आणि त्यातून कोणीतरी गुपचूप जादा नाणी पाडली: कमाल संख्येच्या सुमारे दीड टक्का. जुलै 2020 मध्ये ते उघड झालं आणि घाईने दुरुस्ती बसवली गेली. कोड सगळ्यांना उघडा आहे म्हणून तो सगळ्यांनी वाचला असतो, हा समज इथे फसला.

भारतातल्या श्रोत्यांसाठी कराचं थोडक्यात. 1 एप्रिल 2022 पासून आभासी मालमत्तेच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे, जुलै 2022 पासून विक्रीवर 1 टक्का टीडीएस. खरेदीची किंमत वजा होते. खाणकामाची वीज आणि कार्ड वजा होत नाही, आणि एका नाण्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता होत नाही. वरच्या गणितात हेही धरा.

आज घरी गेल्यावर खरी नाणी घेऊ नका. कोअर वॉलेट प्रकल्पाच्या अधिकृत कोडसाठ्यातूनच उतरवा, कारण नकली वॉलेटं फिरत असतात. ते चाचणी जाळ्यावर चालू करा, तिथल्या नाण्यांना किंमत नसते. तिथे 300 प्रवेशिका काढा. दशांश स्थळं मुद्दाम 8 ठेवा आणि मग ती 0 करायचा प्रयत्न करा. उद्गारचिन्हाचं टोकन मित्राला पाठवा, आणि त्याने ते परत देईपर्यंत एकतरी प्रवेशिका वाढवता येते का ते पाहा.