दोन नाचांमधला काळोख

मंडळी, आत्ता माझी ओळख ‘नृत्य कार्यक्रमाच्या निर्मात्या’ अशी करून दिली. ते फार मनावर घेऊ नका. बेळगावच्या शहापुरात माझा शिवणकामाचा धंदा. मुलीच्या पहिल्या कार्यक्रमाला सेफ्टी पिना लावायला म्हणून विंगेत गेले. मुलगी लग्न होऊन सासरी गेली, मी अजून विंगेतच आहे.

मला बोलायचंय ते काळोखाबद्दल. एक नाच संपून दुसरा सुरू होईपर्यंत स्टेजवर काळोख असतो ना, कार्यक्रम तिथंच उभा राहतो नाहीतर तिथंच पडतो. हिशेब करा की. १४ नाच, म्हणजे मधल्या फटी १३. एकेका फटीला दीड मिनिट गेलं तर साडेएकोणीस मिनिटं लोक नुसता पडदा बघत बसणार. बसणार कसले, चहाला जाणार. आमचा नेम २० सेकंदांचा, आणि त्या २० सेकंदांची तालीम नाचाइतकीच. पोरांना हे पटत नाही. “काकू, काळोखात कोण बघतंय?” बघत कुणी नाही रे, पण थांबलेलं सगळ्यांना कळतं.

यात माझे सगळ्यात भरवशाचे गडी कोण, सांगू? नाचणारे नव्हेत. वैशाखातल्या शिवजयंतीला चित्ररथावर सजीव देखावे करणारी गल्लीतली पोरं. मिरवणूक रात्रभर चालते, चौक आला की ट्रॉलीवर प्रसंग उभा करायचा, पुढच्या चौकात पुन्हा तोच, पहिल्यापासून. भाला कुठं, ढाल कुठं, कोण कुठल्या पायरीवर, हे त्यांच्या हातापायांत बसलेलं असतं. असा पोरगा विंगेत मिळाला की मी त्याला सोडत नाही. त्याला नाच येत नसला तरी चालतं.

कपड्यांचं तर माझंच खातं. नऊवारी शिवलेलीच हवी, नेसवत बसायला वेळ कुणाला आहे? वरच्या खणाच्या पोलक्याला मागून एका वर्षी मी वेल्क्रो लावला. स्वतःवर काय खूश होते! पुढं स्टेजवर एकटी मुलगी, गाणं अगदी हळू आवाजात, आणि विंगेत मी दुसरीचं पोलकं उघडलं. चर्रर्र! तिसऱ्या रांगेपर्यंत माना वळल्या. तेव्हापासून मोठे हूक. घुंगरांचंही तेच. बांधून विंगेत उभं राहायचं म्हणजे पुतळ्यासारखं. खाज आली तरी पाय हलवायचा नाही.

आता आवाज. आईबाप म्हणतात, पोरी घरी ताल चुकत नाहीत, हॉलमध्येच कशा चुकतात? पोरींचा दोष नसतो. मोठे स्पीकर तोंड करून असतात तुमच्याकडे. स्टेजवर नीट ऐकू येतो तो मागच्या भिंतीवर आपटून परत आलेला आवाज. हॉल २५ मीटर खोल धरा, जाऊन येऊन ५० मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर, म्हणजे सेकंदाचा सातवा हिस्सा गेला. मिनिटाला १२० ठोके असलेल्या गाण्यात ठोकाच अर्ध्या सेकंदाचा. पोरगी पाव ठोक्याहून जास्त मागं पडणारच! म्हणून दोन्ही विंगांत एकेक छोटा स्पीकर, तोंड स्टेजकडे. भाडं वाचवायला कुणी तो कमी करा म्हणालं की मी भांडते.

दिव्यांचं थोडक्यात सांगते. मरून लुगड्यावर नुसता निळा उजेड टाकला की लुगडं काळं दिसतं. शिंप्याची मेहनत, आईबापांचे पैसे, सगळं काळं. म्हणून कपड्यांचा एक तुकडा आधीच लाइटवाल्याच्या हातात द्यायचा.

लाइटवाल्यावरून आठवलं. आमच्या ग्रुपमध्ये वडगावची मुलगी ‘एक-दोन-तीन’ मोजते, शेजारची कन्नडात ‘ओंदू-एरडू-मूरू’, आणि आठावर दोघींचा पाय एकत्र पडतो. त्यामुळं भाषेची मला कधी धास्ती वाटली नव्हती. एका वर्षी लाइटला नवा मुलगा आला, बैलहोंगलकडचा, मराठी अगदी बेताची. मी हेडफोनवरून खूण द्यायची, त्यानं दिवा द्यायचा. चौथ्या नाचाला पोरी जागेवर आल्या आणि मी म्हटलं, “आता!” त्याला ऐकू आलं ‘आय्तु’. कन्नडात आय्तु म्हणजे झालं, संपलं. त्यानं होता नव्हता तेवढा उजेडही घालवला. मी ओरडतेय “आता, आता!” आणि तो तिकडून म्हणतोय, “हौदु मॅडम, आय्तु, आय्तु!” १६ पोरी गच्च काळोखात नाचायला लागलेल्या. थांबली मात्र एकही नाही, फटीची तालीम अशी कामाला आली.

मध्यंतरात आम्ही दोघं चहाचे कप घेऊन बसलो आणि ठरवलं. आधी मी दिव्याच्या खुणेचा आकडा सांगणार, मग म्हणणार “बिडु”, म्हणजे सोड. “बावीस… बिडु.” उरलेला कार्यक्रम बिनचूक झाला.

पुढच्या वर्षी तोच मुलगा पुन्हा आला. पहिल्याच नाचाला मी झोकात म्हटलं, “एक… बिडु.” दिवा काही येईना. हेडफोनमधून वर्षभर घोटलेल्या मराठीत प्रश्न आला, “मॅडम, आता?”