तेलाच्या वाटेतला कीस

(दृश्य: गॅरेजमधलं टेबल. त्यावर उलटं ठेवलेलं चार सिलिंडरचं इंजिन. मेकॅनिकचे हात.)

इंजिन उलटं ठेवलंय. खालचं ऑइल चेंबर आधीच काढलंय, त्यामुळे गाडी चालवणाऱ्याला एरवी कधीच दिसत नाही तो भाग आता समोर आहे. मधोमध आडवा पडलेला तो क्रँकशाफ्ट. त्याला धरून बसलेले हे चार कनेक्टिंग रॉड. वरून पिस्टन खाली ढकलला जातो, रॉड तो जोर क्रँकला देतो, क्रँक फिरतो आणि चाकं फिरतात.

हे इंजिन थीटा टू घराण्यातलं, २.४ लिटरचं, पेट्रोलचं. ह्युंदाईची सोनाटा आणि सांता फे स्पोर्ट, कियाची ऑप्टिमा, सोरेंटो आणि स्पोर्टेज, या सगळ्या गाड्यांमध्ये २०११ पासूनच्या वर्षांत अमेरिकेत याच घराण्यातली इंजिनं बसवली गेली. यातली सोनाटा आणि ऑप्टिमा सेडान. बाकीच्या घरच्या गाड्या, मागे मुलांच्या सीट बांधलेल्या आणि डिकीत सामान ठासलेल्या. आज त्या दहा-पंधरा वर्षांच्या झाल्यात आणि बऱ्याचशा दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत. (भारतात जी सांता फे आली ती डिझेलवरची. तिचा या गोष्टीशी संबंध नाही.)

आता दुसऱ्या सिलिंडरच्या रॉडची टोपी निघतेय. दोन बोल्ट. पहिला सुटला. दुसरा सुटला. टोपी हाताने हलवून बाहेर काढावी लागतेय, कारण आत जे असायला हवं ते जागेवर राहिलेलं नाही.

(दृश्य: बेअरिंगच्या दोन पट्ट्या, अगदी जवळून.)

या दोन अर्धगोल पट्ट्या म्हणजे बेअरिंग. गॅरेजमध्ये त्यांना शेल म्हणतात. एक वर, एक खाली, आणि मध्ये क्रँकची गोल पिन. चांगली शेल करडी असते, एकसारखी, बोट फिरवलं तर गुळगुळीत. ही पाहा. हिच्यावर चरेच चरे आहेत, कडा पातळ होऊन बाहेर आल्यात, आणि दोन्ही अर्ध्या पट्ट्या जागा सोडून एकमेकींवर चढल्यात. बेअरिंग फिरलं, असं मेकॅनिक म्हणतात ते हेच. एकदा ते फिरलं की इंजिन संपलं, मग वरून रंग कितीही नवा असो.

एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा वाद तिच्यावर उभा आहे. ही शेल आणि क्रँकची पिन एकमेकींना लागतच नसतात. त्यांच्यामध्ये एक फट असते, माणसाच्या केसाहूनही बारीक. त्या फटीत दाबाने तेल येतं आणि फिरणारी पिन त्या तेलाच्या थरावर तरंगत राहते. मिनिटाला दोन-तीन हजार फेरे, वर्षानुवर्षं, आणि धातूला धातू लागत नाही. थर आहे तोवर बेअरिंग झिजायचं काही कारण नाही. थर तुटला की काही मिनिटांत शेल तापते, खरवडली जाते, फट वाढते. वाढलेल्या फटीतून तेल आणखी सहज निसटतं आणि दाब आणखी पडतो. बाहेर ऐकू येते ती ठकठक. गाडी रेस केली की वाढणारी, खालून येणारी, जड ठकठक.

(दृश्य: क्रँकशाफ्ट हातात. पिनवरच्या बारीक छिद्रात टॉर्चचा प्रकाश.)

मग त्या फटीत तेल पोहोचतं कसं? हे छिद्र बघा. क्रँक वरून भरीव दिसतो, पण त्याच्या आतून तिरपी भोकं पाडलेली असतात. मधल्या मोठ्या बेअरिंगमधून तेल आत शिरतं, या तिरप्या वाटेने रॉडच्या पिनपर्यंत येतं आणि इथे बाहेर पडतं. प्रत्येक रॉडला तेलाची हीच एक वाट. दुसरी नाही.

पोलादात ड्रिल चाललं की कीस पडतो, हे लेथवर काम केलेला कुणीही सांगेल. भोकाच्या तोंडाशी बरही राहते, म्हणजे धातूची वर आलेली धारदार कडा. त्यामुळे भोक पाडण्याइतकंच ते साफ करणं महत्त्वाचं. कीस काढायचा, बर घासायची, धुवायचं, पुन्हा बघायचं. हे काम दिसत नाही आणि त्याची जाहिरातही होत नाही, पण इंजिनाचं आयुष्य तिथे ठरतं.

(दृश्य: आकृती. क्रँकच्या आतली तिरपी वाट, तिच्यात अडकलेले कण.)

सप्टेंबर २०१५ मध्ये ह्युंदाईने अमेरिकेत २०११ आणि २०१२ च्या सोनाटा परत बोलावल्या. जवळपास ४ लाख ७० हजार गाड्या. कंपनीने सरकारला दिलेलं कारण असं होतं: अलाबामातल्या कारखान्यात क्रँकशाफ्टच्या यंत्रकामातून निघालेला धातूचा चुरा पूर्ण साफ झालेला नसावा, तो तेलाच्या वाटेत जाऊन अडकतो, रॉडच्या बेअरिंगला तेल कमी पडतं, आणि इंजिन चालत्या गाडीत बंद पडू शकतं. २०१२ मध्ये कारखान्याने बर काढायची पद्धत बदलली, असंही त्यात आलं.

म्हणजे दोष मालकाच्या हातून घडला नव्हता. गाडी शोरूममध्ये यायच्या आधीच तो आत बसला होता.

पण परत बोलावली ती फक्त सोनाटा. सोरेंटो, स्पोर्टेज, सांता फे स्पोर्ट रस्त्यावरच राहिल्या. त्यांची पाळी आली ३१ मार्च २०१७ ला, म्हणजे दीड वर्षानंतर. यंत्रकामातल्या चुकांमुळे बेअरिंग वेळेआधी झिजतात, हे कारण तेव्हा देण्यात आलं. त्या दिवशी दोन्ही कंपन्यांच्या मिळून सुमारे १२ लाख गाड्या यादीत आल्या. या दीड वर्षात त्या मुलांना शाळेत सोडत होत्या, हायवेवर धावत होत्या.

(दृश्य: कागदांची फाइल. ऑइल बदलल्याच्या पावत्या, काही पिवळ्या पडलेल्या.)

ही फाइल एका गाडीमालकाची. नाव सांगत नाही. या कागदांकडे मात्र नीट बघा, कारण इंजिन गेल्यावर सर्व्हिस काउंटरवर पहिला प्रश्न यांच्याबद्दल येतो. तेल कधी बदललं? पावत्या आहेत? सगळ्या? मधली ही एक कुठाय? बेअरिंग तेलाअभावी गेलं हे उघडच दिसतं, आणि तेल न बदलणाऱ्याचंही ते तसंच जातं. उघडलेल्या इंजिनात दोन्ही गुन्हेगारांच्या खुणा जवळपास सारख्याच. त्यामुळे आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करायचं ओझं गाडी विकत घेणाऱ्याच्या डोक्यावर येतं. सेकंडहँड गाडी घेणाऱ्याने आधीच्या मालकाच्या पावत्या कुठून आणायच्या? ज्याच्याकडे नवी गाडी घ्यायला पैसे नव्हते, त्यालाच ही अडचण सगळ्यात जास्त भोवली. हे मला आजही अन्यायाचं वाटतं.

(दृश्य: सोलचा रस्ता, संध्याकाळ. कागदपत्रांची छायाचित्रं.)

आता कोरियात जाऊ. किम ग्वांग-हो ह्युंदाईत पंचवीसएक वर्षं इंजिनियर होते. गुणवत्तेच्या विभागात काम करताना या इंजिनांविषयीचे अंतर्गत कागद त्यांच्या समोर आले. धोका जेवढा आहे तेवढा सरकारला सांगितला जात नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ऑगस्ट २०१६ मध्ये ते कागद घेऊन स्वतः वॉशिंग्टनला गेले आणि एनएचटीएसए, म्हणजे अमेरिकेचं महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासन, त्याच्या अधिकाऱ्यांपुढे त्यांनी ते ठेवले. कोरियातल्या सरकारलाही त्यांनी कळवलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांना नोकरीवरून काढलं. कंपनीची गुपितं फोडल्याचा ठपका आला. पोलिसांनी घराची झडती घेतली. घरात बायको-मुलं असलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने हे पत्करलं. पुढे कोरियातही या इंजिनांच्या १ लाख ७१ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत सरकारशी समझोता झाला. १६ लाखांहून अधिक गाड्या वेळेवर परत बोलावल्या नाहीत आणि सरकारला काही माहिती चुकीची दिली, यावरून ह्युंदाईवर १४ कोटी आणि कियावर ७ कोटी डॉलरची कारवाई झाली. त्यातले प्रत्यक्ष भरायचे ८ कोटी १० लाख. बाकीची रक्कम सुरक्षेच्या कामांवर खर्च करायची किंवा अटी मोडल्या तरच द्यायची. २०१५ च्या कायद्याप्रमाणे अशा वसुलीतला १० ते ३० टक्के वाटा माहिती देणाऱ्याला मिळू शकतो. किम यांना नोव्हेंबर २०२१ मध्ये २ कोटी ४० लाख डॉलरहून अधिक मिळाले. एनएचटीएसएने असं बक्षीस दिल्याची ती पहिलीच वेळ, आणि वाटा जवळपास कायद्याने देता येईल तेवढा.

(दृश्य: जळून काळी पडलेली गाडी. निवेदन थोडा वेळ थांबतं.)

तुटलेला रॉड इंजिनाच्या भिंतीला भोक पाडतो आणि तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडतं. २०१८ च्या जूनमध्ये सेंटर फॉर ऑटो सेफ्टी या संस्थेने टक्कर न होता लागलेल्या आगींची चौकशी मागितली. २०१९ मध्ये एनएचटीएसएने ती सुरू केली तेव्हा नोंदी ३,१०० हून अधिक आगींच्या होत्या, आणि १०३ जण जखमी झाल्याच्या.

(दृश्य: चालती गाडी, डॅशबोर्ड. लाल दिवा लागतो.)

हा लाल ऑइलचा दिवा. अनेकांना वाटतं, तेल कमी झालं की हा लागतो. नाही. हा दाब पडल्यावर लागतो, म्हणजे बरंच उशिरा. तो लागला तर पुढचा पेट्रोल पंप शोधत बसू नका. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, टो बोलवा. चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं तर स्टिअरिंग जड होऊ शकतं आणि ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन वेळा पेडल दाबेपर्यंतच पुरते. म्हणून पेडल पंप करायचं नाही, एकदाच दाबून धरायचं आणि रस्त्याच्या कडेला (अमेरिकेत उजव्या लेनच्या बाहेर) निघायचं.

तेल पाहायला डिपस्टिक आहे. ही इंजिनं तेल पितात अशा तक्रारीही पुष्कळ आहेत, त्यामुळे पुढच्या सर्व्हिसची वाट न बघता महिन्यातून दोनदा इंजिन थंड असताना सपाट जागी बघा. आणि तारीख, किलोमीटर किंवा मैल लिहून ठेवा. मोबाइलमध्ये डिपस्टिकचा फोटो काढलात तरी चालेल.

(दृश्य: काचेच्या खालच्या कोपऱ्यातला नंबर. मग संगणकाचा पडदा, तक्रारीचा अर्ज.)

ड्रायव्हरच्या बाजूला काचेखाली दिसणारा हा १७ अक्षर-अंकांचा व्हिन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक. एनएचटीएसएच्या संकेतस्थळावर तो टाकला की आपल्या गाडीवर राहून गेलेलं रिकॉल, म्हणजे परत बोलावून करायची दुरुस्ती, दिसतं. ते काम फुकट व्हावं लागतं, गाडी १५ वर्षांची होईपर्यंत. म्हणजे २०११ च्या गाड्यांची मुदत संपत आलीय किंवा संपलीसुद्धा. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये दोन्ही कंपन्यांनी आणखी ३३ लाख ७० हजार गाड्या परत बोलावल्या. त्याचं बेअरिंगशी नातं नाही, ब्रेकच्या एबीएस भागातून गळती होऊन शॉर्ट सर्किट होण्याची भीती होती. दुरुस्ती होईपर्यंत गाडी घरापासून लांब, उघड्यावर लावा, अशी सूचना होती. त्या यादीत जुन्या सांता फे आणि सोरेंटोसुद्धा आहेत. व्हिन टाकल्याशिवाय हे कळणार नाही.

हा अर्ज एनएचटीएसएकडे करायच्या तक्रारीचा. कुणीही भरू शकतं, वकील लागत नाही. कधी घडलं, गाडी किती चालली होती, वेग किती होता, काय झालं, आग किंवा धडक झाली का. वेग आणि जागा जरूर लिहा. ‘गाडी बंद पडली’ एवढं लिहिलेली तक्रार कमी कामाची. ‘हायवेवर मधल्या लेनमध्ये, ६५ मैलांच्या वेगात, कुठलाही दिवा न लागता बंद पडली’ ही तक्रार तपासणारा नीट बघायला वेगळी काढतो. गॅरेजवाल्याने काढलेल्या शेलचा फोटो असेल तर जपून ठेवा, आणि काढलेले भाग तिथेच टाकून येऊ नका.

(दृश्य: सर्व्हिस बेमध्ये गाडी. लॅपटॉप जोडलेला.)

शेवटचं काम हे, आणि ते अर्ध्या-एक तासाचं आहे. २०१९ मध्ये वर्गदाव्यातून, म्हणजे अनेक मालकांनी मिळून केलेल्या दाव्यातून, झालेल्या समझोत्यात इंजिनाच्या शॉर्ट ब्लॉकवर (क्रँक, रॉड, पिस्टन, बेअरिंग असलेला खालचा भाग) आयुष्यभराची वॉरंटी मिळाली, आणि ती पुढच्या मालकालाही लागू होते. सोनाटा, ऑप्टिमा, सोरेंटो, स्पोर्टेज, सांता फे स्पोर्ट, काही वर्षांच्या टूसाँ. पण अट आहे: नॉक सेन्सरचं सॉफ्टवेअर अपडेट झालेलं हवं. बेअरिंग झिजताना जी थरथर होते ती हे सॉफ्टवेअर ओळखतं, चेक इंजिनचा दिवा लुकलुकवतं आणि इंजिनाची ताकद रोखून धरतं. अपडेटला पैसे पडत नाहीत. सेकंडहँड गाडी घेताना टायर, एसी, रंग सगळं बघता, तेव्हा विकणाऱ्याला आधी हे विचारा: नॉक सेन्सरचं अपडेट झालंय का, कागद दाखवा. कागद नसेल तर व्यवहाराआधी डीलरकडे व्हिन देऊन खात्री करा, आणि झालेलं नसेल तर किल्ली हातात आल्यावर पहिल्यांदा तिकडेच जा.