गोव्याच्या वाटेवरचं बेट

पहाटेचे साडेपाच. पुणे-बंगळूर हायवेवर गाड्यांची रांग लागलीय. टपावर बॅगा, मागच्या सीटवर झोपलेली पोरं. पुण्या-मुंबईहून रात्री निघालेली ही मंडळी बेळगावात थांबतात, चहा घेतात, इथल्या कुंद्याचा, म्हणजे दुधाच्या मिठाईचा, बॉक्स बांधून घेतात आणि चोर्ला घाटाची वाट धरतात. गोवा गाठायचा असतो. आमच्या गावात त्यांचा मुक्काम वीस मिनिटांचा.

त्या वीस मिनिटांत न दिसणारं बेळगाव आज बघूया.

समुद्र इथून लांब, तरी गावात एक बेट आहे. बसस्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर किल्ला आहे आणि त्याच्याभोवती खोल खंदक. काही भागात अजून पाणी असतं. बाहेर बसचे हॉर्न, रिक्षा, भाजीचे टेम्पो. खंदक ओलांडला की हा सगळा गलका मागे राहतो. दरवाज्याशी गणपती आणि दुर्गा आहेत. रोज इथून जाणारा रिक्षावालासुद्धा हँडलवरचा एक हात काढून छातीला लावतो, मगच आत शिरतो.

आत ही कमल बसदी. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य, त्याचा मंत्री बीचिराज. त्यानं १२०४ साली हे जैन मंदिर बांधलं. चप्पल बाहेर काढा, मंडपात या आणि डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत थांबा. आता मान वर करा. छतातून दगडाचं कमळ खाली उमललंय. बहात्तर पाकळ्या. मागच्या काळातले चोवीस तीर्थंकर, आताचे चोवीस आणि पुढं होणारे चोवीस. मी लहानपणी आजीचा हात धरून आलो होतो, तेव्हा पाकळ्या मोजायला लागलो आणि चाळीसच्या पुढं मान दुखली. अजूनही आलो की मोजायला लागतो.

आता खांब बघा. काळा दगड, एकावर एक गोल वळ्या, कुठं धार दुखावलेली नाही. माझा एक मित्र उद्यमबागेत, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर काम करतो. पहिल्यांदा इथं आला तेव्हा त्यानं कमळाकडं बघितलंच नाही. खांबावरच्या वळीवरून अंगठा फिरवत राहिला आणि म्हणाला, "हे फिरवल्याशिवाय येत नाही रे." आठशे वर्षांपूर्वीच्या कारागिराला ह्याहून मोठी दाद कोण देणार?

ह्या बसदीच्या काळातले, जुन्या कन्नडमधले दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. देवळाच्या खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपापल्या मालावर काय द्यायचं, त्याची त्यांत नोंद आहे. म्हणजे हे गाव तेव्हाही बाजारपेठच होतं. गाभाऱ्यात नेमिनाथांची पूजा आजही होते, समईत तेल आजही घातलं जातं. आमच्या गावाचं मला हेच सगळ्यात आवडतं. इथं दाखवायला म्हणून काही मांडून ठेवलेलं नाही. जे आहे ते वापरात आहे.

किल्ल्यातच साफा मशीद. विजापूरच्या आदिलशाहीतला सरदार असद खान लारी, त्यानं बांधलेली. साल १५१९. आणि थोडं पुढं रामकृष्ण आश्रम. १८९२ च्या ऑक्टोबरमध्ये स्वामी विवेकानंद बेळगावला आले. आधी रिसालदार गल्लीत भाटे वकिलांच्या घरी उतरले, मग किल्ल्यात हरिपद मित्र ह्या वन अधिकाऱ्यांकडं. शिकागोला जायच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. त्यांना अजून कोणी ओळखत नव्हतं, तेव्हा ह्या दोन घरांनी त्यांना पान वाढलं.

चला, आता गावात.

गणपत गल्ली. सकाळी नऊ. पोत्यावर मेथी, शेपू, लाल भोपळ्याच्या फोडी. हिवाळ्यात आलात तर रताळ्यांचे ढीग. आमच्या लाल मातीतलं रताळं चुलीच्या राखेत भाजलं की नुसत्या तुपाबरोबर जेवण होतं. ह्या मावशींकडं कान द्या. समोरच्या बाईंना म्हणतात, "घ्या की ताई, आत्ता तोडून आणलीया." मान वळते आणि पुढच्या गिऱ्हाईकाला कन्नडमध्ये, "एन बेक्री अक्का?" तिसरी आली की हिंदी. एका श्वासात तीन भाषा, आणि पैशाचा हिशोब तिन्हींत चोख.

बाहेर आमचं नाव निघतं ते सीमाप्रश्नामुळं. १९५६ साली राज्यांच्या सीमा नव्यानं आखल्या गेल्या आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेलं. ती सल घराघरात आहे. २००४ पासून खटला सर्वोच्च न्यायालयात आहे. २०१४ साली गावाचं सरकारी नाव बेळगावी झालं. आम्ही घरात बेळगावच म्हणतो. हे दुखणं खरं आहे, त्याला वळसा घालून मी पुढं जाणार नाही. पण टीव्हीवर आमचं गाव दिसतं ते कुठंतरी बस अडवली गेली की त्याच दिवशी. ह्या मावशी तर रोज इथं बसतात. त्यांना कधी कोण दाखवणार?

रेल्वेच्या पलीकडं शहापूर. बेळगाव इंग्रजांकडं होतं तेव्हा शहापूर सांगली संस्थानात होतं. मधे रूळ ओलांडला की राज्य बदलायचं. आणि हा आवाज ऐकलात? खट खट, खट खट. शहापूर, वडगाव, खासबाग, इथल्या गल्ल्यांत बंद दारामागूनही माग ऐकू येतो. एका घरात शिरूया. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत संसार. ताणा गर्द हिरवा, काठ लाल. मधेच एक धागा तुटतो. विणकर काका माग थांबवतात, तुटलेली दोन टोकं शोधतात, चिमटीत धरून गाठ मारतात. मी घड्याळ लावून बघितलं, चार सेकंद लागले. पुढची वीस मिनिटं ती गाठ मी साडीत शोधत होतो. सापडली नाही. कच्चा माल महागला, साडीला भाव मिळत नाही, पोरं मागावर बसायला तयार नाहीत, हे काका मान खाली घालूनच सांगतात. माग चालूच असतो. गोव्याला जाताना कुंद्याच्या बॉक्सबरोबर ह्या गल्लीतली एक साडी घेतलीत, तर ते पैसे थेट ह्या खोलीत येतात.

टिळकवाडीत ही काँग्रेस विहीर. १९२४ च्या डिसेंबरात इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते इथं. गंगाधरराव देशपांड्यांनी सगळी तयारी केली. हजारो माणसांना पाणी पाहिजे म्हणून ही विहीर खणली. त्या मांडवात अकरा वर्षांची एक मुलगी गायली. पुढं सगळ्या देशानं तिला गंगूबाई हनगल म्हणून ऐकलं.

आणि लोखंड. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचं दुकान काढलं ते बेळगावात. इथूनच पुढं लोखंडी नांगर आला. १९१० साली ते किर्लोस्करवाडीला गेले, पण गावाच्या हाताला लोखंडाची सवय लागली ती लागलीच. आज उद्यमबागेत ओतकामाच्या भट्ट्या आहेत. पंपाचे, ट्रॅक्टरचे, मोटारीचे सुटे भाग इथून जातात. माझा तो मित्र इथंच असतो.

दुपारी भूक लागली? मनातले मांडे सगळ्यांनीच खाल्लेत, खरे मांडे इथं बघा. चुलीवर कढई पालथी घातलीय. साखर-तुपाचं सारण भरलेली पोळी काकू दोन्ही हातांवर तोलत मोठी करतात. पोळी कोपरापर्यंत येते, पातळ होत जाते, आता तर पलीकडचा जाळ दिसतो. हात एकदा वळतो आणि पोळी कढईवर. क्षणभर. मग चौकोनी घडी, वर्तमानपत्राची घालतात तशी. लग्नाच्या रुखवतात मांडे नसले तर आमच्याकडं रुखवत अपुरं वाटतं. काकूंच्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचे बारीक डाग आहेत. विचारलं तर म्हणतात, "सवय झाली बा आता."

आणि जमलं तर वैशाखात या. महाराष्ट्रात शिवजयंती फेब्रुवारीत होते. आम्ही जुन्या पद्धतीनं वैशाखातही करतो, आणि मग चित्ररथांची रात्र येते. गल्लीगल्लीची पोरं महिनाभर तालीम करतात. ट्रॉलीवर गड उभे राहतात, दाढी चिकटवलेले दहा-बारा वर्षांचे मावळे डोळ्यांवर झोप आलेली असताना तलवारी परजतात. नरगुंदकर भावे चौकात माणसांना पाय ठेवायला जागा नसते. नरगुंदच्या भावे राजाला १८५८ साली इंग्रजांनी बेळगावात फाशी दिली, त्याच्या नावाचा हा चौक.

रात्रभर रथ चालतात. शेवटचा रथ पुढं सरकतो तेव्हा उजाडायला लागलेलं असतं. कडेला भाजीवाल्या मावशी डोक्यावर टोपली घेऊन उभ्या असतात. रथ गेला की रस्त्यावरचा गुलाल त्या पदरानं बाजूला सारतात, आणि त्याच जागेवर पोतं अंथरतात.